दर कार्तिकात वाफ्यात मांजर, आणि दर कार्तिकात शेजारी वाद

पाऊस गेला, परसातलं तण काढलं, माती फोडून चाळून दोन वाफे केले. एकात लाल माठ फेकला, दुसऱ्यात मुळा टोचला. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर माठाच्या वाफ्यात मधोमध बशीएवढा खड्डा, चारी बाजूंनी ओढून आणलेली माती, आणि त्या मातीखाली जे असायचं तेच. दोन दिवसांनी शेजारी दुसरा खड्डा. निम्मं बी उगवायच्या आतच विस्कटलेलं, जे उगवलं ते नखांनी उपटून आडवं पाडलेलं.

रत्नागिरीत आमच्या कॉलनीत हे सलग चार वर्षं झालं. चारही वर्षं मी उपाय म्हणून एकच गोष्ट केली. गडग्याजवळ, म्हणजे मधल्या दगडी कुंपणाजवळ उभं राहून, पलीकडे नीट ऐकू जाईल अशा आवाजात, मांजरांच्या सात पिढ्या उद्धरल्या. पलीकडे काकी राहतात. वय सत्तरीच्या पुढे, मुलगा मुंबईला, घरात त्या आणि मनी नावाची तीन रंगांची मांजरी. शिवाय जेवायच्या वेळेला त्यांच्या मागीलदारी आणखी दोन-चार मांजरं हजेरी लावतात. त्यामुळे आरोपी आधीच ठरलेला होता, पुराव्याची कुणाला गरज वाटली नाही.

पाचव्या वर्षी वाफा वाचला. मधल्या काळात प्रकरण भूमी अभिलेखच्या मोजणीपर्यंत जाऊन आलं. काय चुकलं आणि काय लागू पडलं ते लिहून ठेवतोय, कारण या महिन्यात हाच प्रश्न मला तिघांनी विचारला आणि तिघांचीही सुरुवात 'आमच्या शेजाऱ्यांची मांजरं' अशीच होती. माझं मत आता असं आहे की मांजर शेजाऱ्याकडून येत नाही, ते आपल्या मातीकडे येतं. शेजाऱ्याशी बोलायचं असतंच, पण मातीचं काम आधी उरकून.

आधी पायाचा ठसा बघा

परसात उकरणारे बरेच असतात. घुशीचं भोक खोल असतं, बहुतेक भिंतीच्या कडेने, आणि तोंडाशी मातीचा ढीग. कोंबड्या सकाळी येतात, पसरट उकरतात, मागे काही झाकून ठेवत नाहीत. कुत्रा घाण करून वरवर दोन लाथा मारतो, पुरत नाही. मांजराचा खड्डा उथळ, आणि वर व्यवस्थित माती ओढलेली. कोकणात आणखी एक गडी आहे: उदमांजर, आमच्याकडे नुसतं 'उद' म्हणतात. त्याची विष्ठा गडग्यावर किंवा उघड्या कातळावर दिसते आणि तिच्यात फळांच्या बिया जशाच्या तशा असतात. ती पाहून पाळीव मांजराला शिव्या देऊ नका. उद आणि मुंगूस दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, त्यांना पकडायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका.

खात्री करायची स्वस्तातली युक्ती म्हणजे रांगोळी. आईच्या डब्यातली वाटीभर रांगोळी घेतली आणि रात्री चहाच्या गाळणीने गडग्याच्या माथ्यावर, वाफ्याच्या कडेला आणि पंपाच्या खोपीच्या पत्र्यावर पातळ भुरभुरवली. सकाळी चपला न घालता, वाकून बघत फिरलो. मांजराचा ठसा गोल, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा, चार बोटं आणि मागे एक गादी, नखांची खूण नाही, कारण चालताना ते नखं आत घेतं. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात. मुंगूस आणि उद यांची बोटं पाच.

तीन रात्री असं केलं. पाच फेऱ्या सापडल्या. त्यातल्या चार मागच्या पऱ्याकडून, म्हणजे ओढ्याकडून, खोपीच्या पत्र्यावरून आल्या होत्या. ठसे मोठे. तो बोका. त्याला कॉलनीत सगळे 'सरपंच' म्हणतात, त्याचं घर कुठलं ते कुणालाच माहीत नाही आणि सगळ्यांच्या घरात त्याचं येणंजाणं आहे. काकींच्या बाजूने आलेली फेरी फक्त एक, बारीक पावलांची, आणि तीही आमच्याच फणसाच्या फांदीवरून उतरलेली. चार वर्षं मी ज्या गडग्याकडे तोंड करून ओरडत होतो, त्याच्या माथ्यावरची रांगोळी तिन्ही दिवस जशीच्या तशी होती.

कार्तिकातच का?

हा प्रश्न मला चौथ्या वर्षापर्यंत पडलाच नव्हता. मांजरं तर बाराही महिने असतात.

पावसात जमीन ओली, चिकट. मांजराला तशी माती चालत नाही, त्याला कोरडी, भुसभुशीत, नखाने सहज ओढता येईल अशी हवी. पावसाळ्याचे चार महिने ती सगळी मंडळी लाकूडफाट्याच्या खोपीत, कुणाच्या पडवीतल्या वाळूच्या ढिगाऱ्यावर भागवतात. दिवाळीच्या सुमाराला उन्हं पडतात आणि आपण काय करतो? ढेकळं फोडतो, खडे वेचतो, चाळतो, वर कोकोपीट मिसळतो. म्हणजे मांजराने स्वतः सांगून करून घेतलं असतं तर जसं केलं असतं, अगदी तसं. बाजारात मांजराच्या ट्रेसाठी वाळू विकत मिळते, आपण तीच अंगणभर फुकट पसरतो.

दुसरं कारण मासळी. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, नारळी पौर्णिमेनंतर मासळी सुरळीत येऊ लागते. मग मासे धुतलेलं पाणी कढीपत्त्याच्या आळ्यात, कोळंबीची सालं पपईच्या मुळाशी. आमच्याकडे हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय आणि झाडाला ते लागतंही. मी त्यात भर घातली होती: मासळीची आतडी-डोकी गुळात कुजवून केलेलं टॉनिक. नवे बागकामवाले त्याला 'फिश अमिनो' म्हणतात. वाफा भरताना ते मी मातीत कालवत होतो. बोन मीलचंही, म्हणजे हाडांच्या चुऱ्याचंही, तेच. आपल्या नाकाला वास दोन दिवसांत जातो, मांजराच्या नाही.

तिसरं कारण मात्र मला काकींनीच दाखवलं, पुढे समेट झाल्यावर. तण काढून मी बांधावर ढीग घालून ठेवत असे, वाळलं की आंब्याच्या आळ्यात टाकायला. एका सकाळी काकींनी गडग्यावरून हाक मारली, "हे बघा तुमचा दारूचा गुत्ता." ढिगाऱ्यावर मनी उताणी पडली होती. तोंडात एक मूळ, पुढच्या दोन्ही पायांनी ते छातीशी धरलेलं, लाळ गळतेय, आणि ती गालाने, मानेने, पाठीने त्या तणावर लोळतेय. मी जवळ गेलो तरी हलायला तयार नाही. ते तण म्हणजे खोकली, काही जण कुप्पी म्हणतात, शास्त्रीय नाव अकॅलिफा इंडिका. पावसात गडग्याच्या कडेने गुडघाभर वाढते, हिरवट तुऱ्याला वाटीसारखी बारीक पानं असतात. तिच्या मुळाने मांजरं अशी झिंगतात. उभ्या रोपाकडे ती ढुंकून बघत नाहीत, मूळ उघडं पडलं की येतात. म्हणजे कार्तिकात मी जमीन भुसभुशीत करायचो, तीत मासळी कालवायचो, वर बांधावर गुत्ता उघडायचो आणि मग गडग्याजवळ जाऊन आरडाओरडा करायचो.

आता खोकली उपटली की त्याच दिवशी मुळांसकट झाकणाच्या पिंपात जाते. मासळीचं पाणी नारळाच्या आळ्यात जातं, वर मातीचा थर आणि दोन झावळ्या. वाफ्यात शेणखत आणि नीमपेंड, बस्स. ही नुसती दोन कामं केली तरी फेऱ्या निम्म्यावर येतात, असा माझा अनुभव.

तुळशीचं दुखणं वेगळं

आमच्या घरात भडका उडाला तो मुळ्यामुळे नाही, तुळशीमुळे. आई सकाळी पाणी घालायला गेली आणि वृंदावनाला उग्र वास. "तुळशीवर मांजर मुतलं" हे वाक्य घरात उच्चारलं गेलं की मग समजूत, कायदा, शेजारधर्म काही उरत नाही.

पण वाफ्यात उकरणं आणि वृंदावनावर वास येणं ही एकच तक्रार नव्हे. पहिला प्रकार पोट साफ करण्याचा, तो नर-मादी सगळीच करतात आणि त्याला माती लागते. दुसरा हद्द आखण्याचा. बोका उभ्या पृष्ठभागाकडे पाठ करतो, शेपूट ताठ उभी करून थरथरवतो आणि मागे पिचकारी मारतो. वृंदावन, फाटकाचा खांब, स्कूटरचं चाक, बाहेर ठेवलेल्या चपला. ओलावा उभ्या भिंतीवर, वीतभर उंचीला असेल तर ती हद्दीची खूण. माती कितीही जाळीने झाका, पिचकारी थांबणार नाही. आणि बोक्याचं ऑपरेशन कितीही केलंत तरी वाफ्यातला खड्डा थांबणार नाही. एकाचं औषध दुसऱ्याला देऊन 'काहीच उपयोग होत नाही' म्हणणारे मी खूप पाहिलेत. मी त्यातलाच होतो.

पिचकारीला टिकाऊ उपाय नसबंदी. बोक्याची केली की बहुतेक वेळा काही आठवड्यांत ही सवय सुटते किंवा खूप कमी होते, भटकणं आणि रात्रीच्या मारामाऱ्याही उतरतात. मादीची केली नाही तर हिशोब सोपा आहे: चार-सहा महिन्यांची झाली की माजावर येते, साधारण नऊ आठवड्यांत विते, एका वेळी तीन-चार पिल्लं, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. काकींच्या मागीलदारी एका मांजरीची सहा कशी झाली हे कोडं नव्हतं.

वृंदावन धुताना अमोनियाचा वास असलेला क्लीनर वापरू नका. लघवीलाही तोच वास, बोक्याला वाटतं दुसऱ्या कुणी खूण केली आणि तो त्यावर आपली करतो. भरपूर पाणी, मग पाण्यात मिसळलेलं व्हिनेगर, परत पाणी. तुळशीवर नको, फक्त बांधकामावर. एन्झाइमचे क्लीनर मिळतात, ते जास्त चांगले.

वाफा वाचवण्याचं प्रत्यक्ष काम

पहिल्यांदा जुनी घाण काढा. हातमोजे घालून खुरप्याने, आजूबाजूची दोन-तीन इंच मातीही उचला, कारण वास राहिला की तीच जागा परत वापरली जाते. ती माती कंपोस्टमध्ये नको. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येऊ शकतो. ताज्या विष्ठेत तो लगेच बाधत नाही, एक ते पाच दिवसांत बाधक होतो, म्हणून रोजची घाण रोज काढणं फायद्याचं. गरोदर बाईने हे काम करू नये, मातीतलं कामही हातमोज्यांशिवाय नको. भाजी वाहत्या पाण्याखाली नीट धुतली, शिजवली, हात धुतले की बाकीच्यांनी घाबरून जायचं कारण नाही. दरेक मांजराच्या विष्ठेत तो बाराही महिने असतो असंही नाही. हे मुद्दाम लिहिलं, कारण आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर 'मांजरामुळे वंध्यत्व' वगैरे भयंकर मजकूर फिरत होता.

मग जाळी. हार्डवेअरच्या दुकानात कोंबड्यांच्या खुराड्याची षट्कोनी जाळी मिळते, दीड-दोन इंच भोकांची घ्या. पेरणी झाल्यावर ती वाफ्यावर सपाट अंथरायची, कडा चार बोटं खाली वाकवून मातीत दाबायच्या आणि वर अर्धा इंच माती भुरभुरायची. मांजर येतं, एकदा पंजा मारतं, नख अडकतं, निघून जातं. माठ आणि मुळ्याची रोपं भोकांतून आरामात वर येतात. मुळा उपटताना थोडी पंचाईत होते, म्हणून मुळ्याच्या वाफ्यावरची जाळी मी रोपं वीतभर झाली की कापून काढतो. तोवर पानांनी जमीन झाकलेली असते आणि मांजराला बसायला मोकळी जागा उरत नाही. धोका फक्त उघड्या मातीच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांचा असतो.

जाळी नको असेल तर नारळाची सुकी झावळी आडवी टाका, बी रुजलं की उचला. कुंड्यांत सोडणं, म्हणजे नारळाची सालं, तुकडे करून दाटीने खोचली की काम होतं. चिऱ्याचे कपचे चालतात. बांबूच्या काड्या वीतभराहून कमी अंतरावर उभ्या खोचा, टोकदार बाजू मातीत. करवंदीच्या काट्या पसरायचा सल्ला मलाही मिळाला. पसरल्या. तिसऱ्या दिवशी मीच त्यांवर हात ठेवला.

पाणी संध्याकाळी दिलं तर माती रात्री ओली राहते आणि मांजरं सहसा तिन्हीसांजेला आणि पहाटेच फिरतात, त्यामुळे तोही एक अडसर. पण कोवळी रोपं रात्रभर ओलीत राहिली की बुंध्यात कुजून कोलमडतात. मी एकदा माठाचा अख्खा वाफा असा घालवला, मांजराशिवायच. तेव्हा पाणी सकाळीच.

जे करू नये

निळ्या पाण्याच्या बाटल्या मी ओळीने आठ लावल्या होत्या. सरपंचाने त्यांतल्या एकीला अंग घासलं आणि पुढे गेला. लिंबा-मोसंबीची सालं एक-दोन दिवस चालतात, मग सुकतात. आवाज करणारं यंत्र ऑनलाइन मागवलं, ते पहिल्या वळवात भिजून बंद पडलं, त्यामुळे त्याबद्दल बरं-वाईट काही बोलत नाही.

डांबरगोळ्या, फिनाईल आणि मिरचीपूड यांच्याबद्दल मात्र बोलतो. डांबरगोळ्या मांजरालाच काय, रांगत्या मुलालाही विषारी, आणि मातीत मिसळल्या की भाजीच्या वाफ्यात. फिनाईलसारखी फिनॉलची द्रव्यं मांजराचं यकृत नीट पचवू शकत नाही. पाय भरतात, ते पाय चाटतं आणि आजारी पडतं. मिरचीपूड डोळ्यांत जाते, त्याच्याही आणि वाऱ्याने तुमच्याही.

उंदरांचं औषध भाकरीतून ठेवायची भाषा आमच्या कॉलनीत एकाने केली, हसत हसत. जनावराला विष घालणं, मारणं किंवा अपंग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. त्याआधीपासून 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहेच. पोत्यात घालून लांब सोडून येणं लोकांना दयाळूपणाचं वाटतं. अर्धी परत येतात, उरलेली उपाशी मरतात, आणि रिकाम्या झालेल्या हद्दीत महिन्याभरात दुसरा बोका येतो, ज्याला तुमच्या गल्लीचे काहीच रीतिरिवाज माहीत नसतात. सरपंच परवडला.

गडगा, फणस आणि मोजणी

आता मुख्य लाजिरवाणा भाग. चौथ्या वर्षी मी वाफ्यातल्या खड्ड्याचा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'काहींनी आपले लाड आपल्या घरात करावेत.' नाव लिहिलं नाही. लिहायची गरज नव्हती. त्या वर्षी संक्रांतीला काकी हळदीकुंकवाला आल्या नाहीत. वीस वर्षांत पहिल्यांदा.

आठवड्याभरात त्यांच्या पुतण्याचा फोन आला. तुमच्या फणसाची फांदी आमच्या पडवीवर आलीय, पानं पन्हळीत अडकतात, पाणी भिंतीत मुरतं, हे काकी दहा वर्षं सांगतायत, आधी ते बघा. मी म्हटलं, फांदी आमच्या हद्दीत आहे. तो म्हणाला, हद्द कुठे आहे ते मोजूनच घेऊ. वड्याचं तेल वांग्यावर निघालं ते असं.

मोजणीसाठी तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करावा लागतो, लगतच्या धारकांना नोटिसा जातात, ठरल्या दिवशी भूकरमापक येऊन मोजतो आणि नंतर नकाशाची 'क' प्रत मिळते. खरोखर हद्दीचाच वाद असेल तर हाच योग्य रस्ता आहे, गडगा ढकलाढकली करण्यापेक्षा शंभर पटींनी बरा. आमच्याकडे निघालं असं की गडगा एका टोकाला वीतभर त्यांच्याकडे झुकलाय आणि दुसऱ्या टोकाला वीतभर आमच्याकडे. कोरड्या दगडांचा गडगा, चाळीस पावसाळे खाल्लेला, दुसरं काय होणार. पुतण्याने पैसे भरले होते, मी एक दिवसाची रजा टाकली होती. भूकरमापक जाता जाता म्हणाला, "भांडण कशावरून?" आम्ही दोघंही गप्प. मांजरावरून, हे सांगायला लाज वाटली. क प्रत काही मांजराला वाचता येत नाही.

फांदीचं मात्र काकींचं म्हणणं बरोबर होतं. आपल्या झाडाची फांदी दुसऱ्याच्या हद्दीत लोंबत असेल तर ती काढून घेणं आपलं काम. झाडाला हात लावण्यापूर्वी मात्र चौकशी करा. शहर हद्दीत 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आणि नगर परिषदेचं वृक्ष प्राधिकरण आहे, आणि फणस, आंबा, जांभूळ ही झाडं 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत येतात. मी नगर परिषदेत विचारून मगच माणूस लावला आणि ती एक फांदी उतरवली. काकींची पन्हळ मोकळी झाली. आणि त्या फांदीवरूनच मनी आमच्याकडे उतरत होती हे तुम्हाला आठवत असेल. तिचा पूल गेला. पंपाच्या खोपीच्या पत्र्याला कडेने गुळगुळीत प्लास्टिकची पट्टी लावली, सरपंचाला तिथून उडी मारता येईना. मांजरं वाट सहसा बदलत नाहीत, म्हणून वाफ्यापेक्षा वाट आधी शोधा.

काकींशी काय बोललो

फांदी तोडली त्या संध्याकाळी फोडलेली थोडी लाकडं घेऊन मी त्यांच्या खळ्यात गेलो. मांजराचा विषय काढलाच नाही. ग्रुपवर लिहिलं ते चुकलं, एवढं म्हटलं. त्या म्हणाल्या, "चहा ठेवते." पंधरा मिनिटं पन्हळीबद्दल बोललो. मग त्यांनीच विचारलं, "तुमच्या आईच्या तुळशीला अजून त्रास आहे का?"

तिथे मी एक शहाणपणा केला असेन तर हा की 'तुमची मांजरं' म्हटलं नाही. रांगोळीची गोष्ट सांगितली. पाचात चार फेऱ्या सरपंचाच्या, हे ऐकून त्या हसायला लागल्या. आणि मागणी एकाच वेळी एकच ठेवली. मांजरं आवरा, खायला घालू नका, असलं काही म्हटलं की समोरचा माणूस बंद होतो. शिवाय खायला घालणं बंद करा म्हणायचा आपल्याला हक्कही नाही. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत उलट असं आहे की खाऊ घालण्याची जागा आणि वेळ ठरवून देणं ही रहिवासी संघटनेची जबाबदारी, आणि ती जागा जिने, प्रवेशद्वार, मुलांची खेळायची जागा यांपासून लांब हवी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी सोसायटीच्या सभेत 'बंदी'चा ठराव आणण्याऐवजी ही जागा ठरवून घ्यावी, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

आमचा तह असा झाला. त्यांच्या मागीलदारी, पऱ्याच्या बाजूला, तीन फूट बाय दोन फुटांचा चौकोन चिऱ्यांनी आखला, अर्धा फूट खोल, वर पत्र्याचा आडोसा म्हणजे कोरडा राहील. वाळू मी आणून टाकायची, बांधकामातली उरलेली. घाण काढायचं काम काकींचं. गावं हागणदारीमुक्त झाली, मांजरांनी काय घोडं मारलंय, असं त्याच म्हणाल्या. सवय लागायला पंधरा दिवस गेले. सुरुवातीला वाफ्यातली थोडी वापरलेली माती मुद्दाम त्या वाळूत मिसळली होती, त्या वासाने ती तिकडे वळली. दिवेलागणीनंतर मनी घरात, दार बंद. याचं श्रेय मी घेणार नाही, गेल्या वर्षी बिबट्याने वरच्या आळीतलं कुत्रं नेल्यापासून काकी तिला बाहेर सोडतच नाहीत.

ऑपरेशनचा खर्च अर्धा-अर्धा. मनीचं सोपं होतं, पिशवीत घालून पशुवैद्याकडे. आदल्या रात्रीपासून किती वेळ उपाशी ठेवायचं ते डॉक्टर सांगतात तसं पाळायचं आणि टाके सुकेपर्यंत आठ-दहा दिवस घराबाहेर नाही. सरपंचाला धरायला तीन प्रयत्न लागले. पिंजऱ्यात सुका बांगडा ठेवला तर पहिल्या दिवशी भलतंच मांजर सापडलं, दुसऱ्या दिवशी बांगडा गेला आणि पिंजरा रिकामा. तिसऱ्या दिवशी काकींनी नुसती ताटली वाजवली आणि तो चालत आत गेला. दीड महिन्यानंतर वृंदावनाला वास नव्हता. आईने तो विषय परत काढला नाही, पण एकदा ताकाची वाटी मागीलदारी ठेवताना मी तिला पाहिलंय.

यंदाच्या कार्तिकात जाळीखाली माठ वर आला, मुळाही. दहाव्या दिवशी सकाळी वाफ्याच्या बाहेर, बांधाला लागून, पुन्हा एक उकरलेली जागा. माझा पारा चढायच्या बेतात होता. काकी गडग्यावरून बघत होत्या. मी काही बोलायच्या आत आत गेल्या आणि गाळणी आणि रांगोळीचा डबा घेऊन आल्या. रात्री त्यांनीच भुरभुरवली. सकाळी सहाला त्यांची हाक आली, आम्ही दोघंही बांधाशी वाकून उभे. त्यांनी चष्मा वर केला, काडीने एकेक बोट मोजलं.

"पाच," त्या म्हणाल्या. "हा उद. आमचा नव्हे हो."